ओल्याला विटाळ नाही

गंगा उतरली की घाटावर गाळ राहतो. पायऱ्या दिसत नाहीत, नुसता काळपट उतार दिसतो. मग पंप लावून, पाण्याचे फवारे मारून तो गाळ परत गंगेत ढकलतात. आठ-दहा दिवस त्याचा वास ब्रह्माघाटावरून आमच्या गल्लीपर्यंत चढतो. शेवाळाचा, ओल्या मातीचा, थोडा मासळीचा. तो आला की पंचांग बघावं लागत नाही. पितृपक्ष लागला.

यंदाही लागला. हवा तशीच, पिळून वाळत घातलेल्या पंच्यासारखी. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं, काडेपेटीच्या तीन काड्या फुकट जातात तेव्हा चौथी पेटते. काल दुपारी खाली गल्लीत कुणाच्या तरी दाराला वेल्डिंग चाललं होतं. निळा उजेड समोरच्या भिंतीवर थडथडत होता. मी खिडकी लावून घेतली. तरी आवाज आलाच. काम करणारा नवा आहे की जुना, हे मला आवाजावरून कळतं. कालचा नवा होता. त्याचा रॉड सारखा चिकटत होता.

मी वेल्डिंग केलेलं नाही. मी चौथी शिकले, वाईहून लग्न होऊन काशीला आले आणि जन्मभर स्वयंपाक केला. वेल्डर हे होते, माझा नवरा. त्याआधी ते भिक्षुक होते. नव्वदीच्या दशकातला एक पितृपक्ष असा आला की त्यांना दोन्ही धंदे एकाच हातानं करायचे होते, आणि तो उजवा हात त्यातच गेला. तुटला नाही. जागेवर राहिला, पण ज्या कामासाठी त्यांच्या वडिलांनी तो घडवला होता, त्या कामाचा राहिला नाही. ह्यात माझा वाटा किती, हे मला माहीत आहे. ते लिहायला बसले आहे.

सुरुवात माकडांपासून झाली. काशीत राहणाऱ्याला माकडांचं सांगावं लागत नाही. आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर, खिडकीला नुसती लाकडी दारं. माकडं आत येऊन केळी न्यायची, ते ठीक. एकदा दर्भाची जुडी नेली. एकदा ह्यांचा मुकटा नेला, रेशमी, सोवळ्याचा, आणि समोरच्या छपरावर बसून त्याचा काठ उसवला. मग खिडकीला लोखंडी जाळी बसवायचं ठरलं. मैदागिनच्या बाजूला रामधनी मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं, तो हातगाडीवर मशीन घेऊन आला. काळं, जाड, तेल भरलेलं मशीन, खालीच ठेवलं आणि तारा वर ओढल्या.

रामधनी म्हणाला, "पंडितजी, इधर मत देखिए. आँख फूलेगी तो हमको गाली देंगे."

हे बघत राहिले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, लहान पोर जत्रेत बघतं तसा. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना. मी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि म्हटलं, "दुसऱ्याच्या कामात डोळे घालायची काय गरज होती?"

चकत्यांखालून म्हणाले, "अगं, लोखंड दुधासारखं उतू येतं. मी कधी पाहिलं नव्हतं."

मला वाटलं, विषय संपला.

तेव्हा यजमान कमी होत चालले होते. पूर्वी महाराष्ट्रातून माणसं यायची ती आठ-आठ दिवस राहायची. आमच्याकडेच उतरायची, आमच्याच हातचं जेवायची, जाताना रडायची. मग बसगाड्या सुरू झाल्या. सकाळी प्रयाग, संध्याकाळी काशी, दुसऱ्या दिवशी गया. गुरुजी कोण, हे बसवालाच ठरवायचा. पितृपक्षाचे पंधरा दिवस हात रिकामा नसायचा, बाकी वर्ष हे घाटावर जाऊन परत यायचे. परत आल्यावर मी विचारायचे नाही. चेहरा बघितला की कळायचं. माणूस रिकामा बसला की कसा होतो, हे ज्या बाईनं बघितलंय तिला वेगळं सांगायला नको. ह्यांनी घरातली सगळी कुलपं तेल घालून साफ केली होती. दोनदा.

मग दुपारचे बाहेर जायला लागले. कुठे, तर "जरा जाऊन येतो". महिनाभर मला पत्ता नव्हता. धोतराला बारीक भोकं पडायला लागली, कडेनं तपकिरी. मला वाटलं, कसर लागली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या, सगळे कपडे उन्हात घातले. भोकं पडतच होती. एक दिवस जानवंच बदललेलं दिसलं.

"जानवं का बदललंत? सुतक नाही, काही नाही."

"जळलं."

"जानवं कसं जळतं?"

"उदबत्ती लागली."

"उदबत्ती काय गळ्यात बांधून फिरता?"

तेव्हा सांगितलं. रामधनीच्या दुकानात जातो, टाके मारायला शिकतो. लोखंडाचे दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला आधी ठिकठिकाणी थेंब लावतात, त्याला टाका म्हणतात. मी म्हटलं, "टाके मीही घालते, मला कुणी मिस्त्री म्हणत नाही." हसले. मी हसले नाही. दहा पिढ्या वेद म्हणणाऱ्या घरात मी आले होते, लोहाराच्या नाही. तसं बोलले देखील. ते शांतपणे म्हणाले, "लोहार रोज जेवतो."

मी धोतराची भोकं रफू करायला घेतली.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकू पाणी भरताना म्हणाल्या, "गुरुजींनी आता लोहाराची संथा घेतली म्हणे?" मी म्हटलं, "हो. तुमच्या जिभेला टाका मारायचा असेल तर सांगा." त्या दिवसापुरतं बरं वाटलं. घरी येऊन पाहिलं तर ह्यांची दुकानात घालायची पायजम्याची जोडी खुंटीवर, भोकाभोकांची, आणि ते बरं वाटणं गेलं.

पण एक सांगते, त्यांना ते काम येत होतं. रामधनी स्वतः जिन्याखाली उभा राहून मला सांगून गेला. वर यायचा नाही, आमचं सोवळं त्याला माहीत होतं. "पंडिताइन, इनका कान बहुत तेज है. हम दुइ साल में जो सीखे, ई दुइ महीना में सीख गए." वेल्डिंग कानानं शिकतात, हे मला तेव्हा कळलं. रॉड लोखंडाच्या फार जवळ गेला तर चिकटतो, लांब गेला तर फडफडतो. बरोबर अंतरावर असला की एकसारखा चुरचुर आवाज येतो, वडे तळताना तेल बोलतं तसा. ह्यांचं लहानपण वडिलांसमोर स्वर ऐकण्यात गेलं होतं. एक स्वर चढा लागला तर मांडीवर चापट. तो कान तयार होता. डोळ्यावर काळी काच धरून माणूस अर्धा आंधळाच असतो, तिथे ह्यांचा कान कामाला यायचा. एकदा त्यांनी केलेला जोड मला दाखवायला आणला. वरची काळी खपली हातोडीनं उडवली आणि खाली लोखंडावर बारीक रेघा, एकामागे एक, चकलीसारख्या. मी म्हटलं, "बरं आहे." त्यापेक्षा जास्त म्हणाले नाही. आता वाटतं, म्हणायला हरकत नव्हती.

मी माझे नियम लावले. पायजमा जिन्यात खुंटीवर. खालच्या नळाखाली अंघोळ केल्याशिवाय वर पाऊल नाही. रामधनीनं ह्यांना कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे दिले होते, ते दुकानातच राहायचे. चामड्याचा विषय आम्ही काढत नव्हतो. ते घालत होते हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांना. अंघोळ झाली की झालं. एरवीचं वर्ष असंच निघालं असतं.

पण भाद्रपद आला. गंगा उतरली, गाळाचा वास चढला, आणि दोन्ही धंदे एकदम जागे झाले. इकडे यजमान. ते पंधरा दिवस मी रोज श्राद्धाचा स्वयंपाक करायचे. वडे, खीर, कढी, भोपळा, आमसुलाची चटणी, दोन वेळा अंघोळ, धाबळी नेसून चुलीपुढे. तिकडे दुर्गापूजेचे मांडव. पितृपक्षात कुणी स्वतःच्या घराला नवं दार बसवत नाही, पण देवीच्या मांडवाचा लोखंडी सांगाडा नवरात्राच्या आधी उभा लागतो. रामधनीकडे कामाचा ढीग. हे त्याला म्हणाले, पंधरा दिवस मला सोड. तो म्हणाला, "दुर्गाजी रुकेंगी तुम्हरे लिए? तुम नहीं आओगे तो हम दूसरा आदमी रख लेंगे. फिर मत आना."

म्हणजे त्या पंधरा दिवसांसाठी दुकान सोडलं तर वर्षाची साडेअकरा महिन्यांची सोय गेली. आणि दुकान धरलं तर श्राद्धाचा ब्राह्मण सकाळी पिंड आणि दुपारी चामडं.

हे मला विचारत होते, सांगत नव्हते. हेच माझ्या डोक्यात राहिलंय. "काय करू?" असं सरळ विचारलं. मी काय सांगायला हवं होतं, ते मला आज तरी कुठे माहीत आहे? मी एवढंच म्हटलं, "दुकानात जा. पण ह्या पंधरा दिवसांत चामड्याला हात लावलात तर मी श्राद्धाच्या स्वयंपाकाला हात लावणार नाही." ते म्हणाले, मग हात जळेल. मी म्हटलं, "थांबा."

माझी एक जुनी धाबळी होती, जाड लोकरीची. लोकरीला विटाळ नाही. लोकर पटकन पेटतही नाही, हे मला चुलीनं शिकवलं होतं. ती कापून मी दुहेरी हातमोजे शिवले, मनगटाच्या वर चार बोटं, अंगठा वेगळा. शिवण मला चांगलं येतं. दुसऱ्या दिवशी ते घालून गेले, संध्याकाळी आले तर हाताला एक फोड नाही. म्हणाले, "रामधनी हसला. म्हणाला, पंडितजी, ई पहिन के वेल्डिंग करबा कि ठाकुरजी के झूला झुलइबा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दोन्ही करीन, वेल्डिंगही आणि देवाचा झोपाळाही." मग पुढे म्हणाले, "कोरडे ठेवा म्हणालाय फक्त."

मी म्हटलं, "त्याला काय कळतं सोवळ्यातलं."

हे वाक्य मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. आणि दोघांनी सोडून दिलं.

चामड्याच्या चपलाही सोडल्या होत्या, त्यामुळे पाय अनवाणी. दहा-अकरा दिवस बरे गेले. बरे म्हणजे कसे, सकाळी घाटावर तीळ आणि दर्भ, बारा-एकला जेवणारे ब्राह्मण, मग लाइट आली असेल तर दुकान. लाइट नसली तर तिथेच बसून राहायचे, कारण ती कधी येईल सांगता यायचं नाही. घाम इतका की हातमोजे रोज पिळावे लागायचे. मी रोज धुवायचे. सोवळ्याचं कापड रोज धुवायलाच लागतं. पण लोकर त्या हवेत वाळते का? तीन दिवस टांगली तरी हाताला गार लागते.

त्रयोदशीला कोल्हापूरचे एक यजमान होते, वडिलांचं श्राद्ध. स्वयंपाक झाला, पानं उठली. हे घाईत होते. लाइट आल्याचं समोरच्या घरातल्या रेडिओवरून कळलं. दोरीवरचे हातमोजे घेतले, दाबून पाहिले.

"अगं, ओले आहेत हे."

मी वड्याची कढई घासत होते. मान वर न करता म्हटलं, "ओलं बरंच. ओल्याला विटाळ नाही."

आमच्यात ते खरंच आहे. कोरडं सोवळं नसलं तर माणूस ओलेत्यानं पूजा करतो, ओल्या कापडाला कुणाचा विटाळ लागत नाही. हे मी आईकडून शिकले, तिनं तिच्या आईकडून. ते आमच्या चुलीपुढे खरं होतं, घाटावर खरं होतं. वीज त्या रीतीतली नाही, एवढंच.

ते घालून गेले.

तासाभरानं जिन्याखालून रामधनीचा आवाज आला. "पंडिताइन!" आणि पुढे काही नाही. रामधनी कधी नुसती हाक मारून थांबायचा नाही, त्याचं वाक्य हाकेबरोबरच यायचं. मी खाली गेले. हे पायरीवर बसले होते, उजवा हात रामधनीच्या गमछ्यात. तोंड पांढरं. माझ्याकडे बघून म्हणाले, "पडलो नाही."

रामधनीनं सांगितलं ते असं. रॉड संपला की होल्डरमधून, म्हणजे रॉड धरायच्या चिमट्यातून, थोटूक काढून नवा लावतात. ह्यांनी ते ओल्या हातमोज्यानं धरलं, पाय ओल्या फरशीवर अनवाणी. करंट लागला की हात सुटत नाही, आवळतो. तापलेलं लालभडक थोटूक ह्यांच्या मुठीत आणि मूठ उघडेना. रामधनीनं धावत जाऊन मेन स्विच ओढला तोपर्यंत लोकर जळून कातडीला चिकटली होती. ते ओरडलेही नाहीत म्हणे. तो मला पुन्हा पुन्हा हेच सांगत होता. "चिल्लाए नहीं, पंडिताइन. चिल्लाते तो हम पहिले देखते."

मग तो म्हणाला, "हम बोले थे सूखा रखिए." दुसऱ्यांदा म्हटलं नाही. भला माणूस होता.

सरकारी दवाखान्यात लोकर एकेक धाग्यानं काढली. मी बाहेर बाकावर बसले होते, हाताला वड्याच्या पिठाचा वास. मी शिवलेले टाके होते ते, बारीक, पक्के. तिथली नर्स म्हणाली, हे कुणी बांधलं होतं, सुटतच नाही.

तिसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी ज्याला ज्याला कुणी गेलेलं आहे, तो घाटावर असतो. ह्यांनी जन्मात ते तर्पण चुकवलं नव्हतं. सकाळी मला म्हणाले, घाटावर नेऊन सोड. हात पांढऱ्या पट्टीत, भोपळ्याएवढा. पायऱ्यांवर अजून गाळ होता, मी त्यांचा डावा दंड धरून उतरवलं. पितरांना पाणी उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडतात, डाव्यानं देत नाहीत. मी म्हटलं, "पट्टीवरून मी ओतते, तुम्ही नावं घ्या."

ते म्हणाले, "पट्टीवरून दिलेलं पट्टीच पिते."

मग आम्ही नुसते बसलो. समोर शेकडो माणसं पाण्यात उभी राहून ओंजळी सोडत होती. ह्यांचे ओठ हलत होते. शेजारी एक माणूस नावं विसरला, ह्यांच्याकडे वळून विचारू लागला, आजीचं गोत्र काय म्हणायचं, पणजोबा आठवत नसतील तर काय म्हणायचं. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याचं तर्पण नीट झालं. निघताना तो ह्यांच्या पाया पडला.

जखम भरायला दिवाळी उलटली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटं रोज ओढून सरळ करा, नाहीतर कातडी आखडेल. मी ओढायला बसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तोंडातून आवाज नाही. आवाज आला असता तर मी रागावून ओढलं असतं. चार दिवस ओढलं, पाचव्या दिवशी म्हटलं, उद्या. असे उद्या पुष्कळ झाले. शेवटची तीन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. अंगठा आणि पहिलं बोट तेवढं चालायचं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. रामधनी बघायला आला, ह्यांचा हात हातात घेऊन उलटासुलटा केला, आणि पिशवीतून होल्डर काढून त्या वळलेल्या बोटांत सरकवला. बसला. जणू त्याच्या मापानं हात ओतला होता. ओंजळीत घोटभर पाणी राहत नव्हतं, ते तीन बोटांच्या फटींतून गळून जायचं. होल्डर मात्र घट्ट राहायचा. रामधनी हसला, हेही हसले. मी आत गेले.

ह्या वेळी चामड्याचे हातमोजे आले. त्या बोटांवर चढेनात, म्हणून रामधनीनं कापून दुसरे बेतले. मी ते घरात येऊ दिले. पायजमा जिन्यातून आत खुंटीवर आला, तेही मीच केलं. पुढे वीस वर्षं ह्यांनी वेल्डिंग केलं. ह्या मोहल्ल्यातल्या कितीतरी छतांवरच्या माकडांच्या जाळ्या त्यांच्या हातच्या आहेत. मुलगी शिकली, जबलपूरला दिली. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. तर्पण जावई तिकडे करतात. मुलगी फोनवर म्हणते, "आई, पितृपक्षात तू उदास मत हो." मी उदास नसते. मला फक्त हा वास येतो.

यजमानांचं काय झालं, तर काहीच झालं नाही. कुणी येऊन बोललं नाही, कुणी भांडलं नाही. श्राद्धाला व्यंग असलेला ब्राह्मण चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, ते तोंडानं म्हणावं लागत नाही. जुने यजमान यायचे, चहा घ्यायचे, हाताकडे बघायचे नाहीत, आणि काम दुसऱ्या गुरुजींकडे व्हायचं. मला त्या लोकांचा फार राग यायचा. चहात साखर कमी घालायचे. दुसरं माझ्या हातात काय होतं.

मग पुढच्याच पितृपक्षात वसंता आला. वसंता माझा धाकटा भाऊ, वाईला शिक्षक. आमचे वडील आदल्या वर्षी वारले होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांचं पहिलं वर्ष झालं होतं, काशीत श्राद्ध करायचं म्हणून तो आला. पिशवी ठेवली, पाय धुतले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला. हे बाहेरच्या खोलीत पंचांग चाळत होते. मधे नुसता पडदा.

वसंता म्हणाला, "ताई, भाऊजीच करतील ना अण्णांचं? घरचंच माणूस आहे. अण्णांना त्यांचं म्हणणं फार आवडायचं. आमचे जावई म्हणतात तेव्हा अक्षर अन् अक्षर वेगळं ऐकू येतं, म्हणायचे."

बाहेर पंचांगाचं पान उलटायचं थांबलं.

वसंतानं पुन्हा विचारलं, "करतील ना?"

तो पहिला माणूस होता वर्षभरात, ज्यानं विचारलं. त्याला हाताचं ठाऊक होतं, पत्रात मीच लिहिलं होतं. तरी विचारत होता. त्याला काही वाटत नव्हतं, त्याची पिढी वेगळी. मी नुसतं हो म्हटलं असतं तर पुरे होतं.

मी म्हटलं, "नको."

"का?"

"अण्णांचं आहे. हात धड असलेल्याकडून होऊ दे."

हळू म्हटलं मी. पण पडदा तो पडदाच.

हे उठून आत आले. माझ्याकडे बघितलं नाही. वसंताला म्हणाले, "तीन घरं सोडून एक गुरुजी आहेत, त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत. घाई करत नाहीत. मी त्यांना सांगून ठेवतो, सकाळी या म्हणून." मग जिन्यातल्या चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या श्राद्धाचा स्वयंपाक केला. इतका चांगला माझ्या हातून कधी झाला नव्हता, वसंता म्हणाला. हे दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले, नळाखाली अंघोळ केली, पाटावर बसले. मी विचारलं, "वाढू?"

"श्राद्ध नीट झालं?"

"झालं."

"कावळा शिवला?"

"लगेच."

"मग वाढ."

ते रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं कधी कमी नसायची. ते वीस वर्षं रागावले नाहीत, तो विषय निघाला नाही, आणि मग ते गेले.

यजमानांवर रागावायचा हक्क माझा त्या दिवशी संपला, हे मला तेव्हाच कळलं होतं. चहात साखर मी पुन्हा पुरती घालायला लागले. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही की मी बसून नीट विचार केला आहे, एकदा नाही, दर वर्षी करते. वसंता तिथे उंबऱ्यात बसलाय, पडद्यापलीकडे पान थांबलंय, आणि मला पुन्हा विचारलंय. त्या हातातून पाणी गळतं. अण्णांपर्यंत पोचलं नाही तर? हा प्रश्न माझ्या हाडात आहे, तो काढून टाकायला मला कुणी शिकवलं नाही. मी दुसरं उत्तर देऊन बघते. तोंडापर्यंत येतं. मग म्हणते, नको.